परत गेलेल्या पगाराबाबत कलम पंधरा यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री कलम पंधरा, मुक्काम आयकर अधिनियम, 1961, यांचे सेवेसी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

एका सेवानिवृत्त राजपत्रित अधिकाऱ्याने आपणांस थेट पत्र लिहावे हे रिवाजास सोडून आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या इसमाच्या पगाराकडे आपण त्याच्या उभ्या नोकरीत एका महिन्याचाही खंड न पडू देता लक्ष पुरविलेत, त्याने निवृत्तीनंतर आपली साधी विचारपूसही करू नये, हा कृतघ्नपणा ठरेल. शिवाय 1961 चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी 2025 चा अधिनियम येत असता, आणि जुन्या कलमांपैकी बहुतेकांचे क्रमांक उलटेपालटे होत असता, आपण मात्र आपला पंधरावा क्रमांक नव्या दरबारातही राखलात, याबद्दल अभिनंदन करावयाचे राहूनच गेले होते.

आपल्या दूरदृष्टीविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. पगार देय झाला की तो हाती पडो वा न पडो, करपात्र, असे आपला पहिला खंड सांगतो. तो हाती पडला की देय असो वा नसो, करपात्र, असे दुसरा सांगतो. आणि या दोहोंतून एखादी थकबाकी निसटलीच, तर तिचा बंदोबस्त तिसऱ्यात केलेला आहे. इतकेच नव्हे, तर आगाऊ मिळाला म्हणून ज्या पगारावर एकदा कर लागला तो पुढे यथाकाल देय झाल्यास त्यावर दुसऱ्यांदा कर लागू नये, एवढी न्यायबुद्धीही आपण स्पष्टीकरणात दाखविली आहे. देय नसतानाही दिलेला पगार, ही दुसऱ्या खंडातील कल्पना प्रथम वाचली तेव्हा मात्र मला ती कायदेपंडितांची निव्वळ चैन वाटली होती. कारण ज्या सरकारकडून देय असलेला प्रवासभत्ता मिळविताना माणसाचे जोडे झिजतात, ते सरकार देय नसलेला पैसा आपण होऊन कोणाच्या पदरात टाकील, हे माझ्या अनुभवात बसेना.

ते सरकारने माझ्याच बाबतीत करून दाखविले. सातव्या वेतन आयोगानुसार झालेल्या वेतननिश्चितीत आमच्या कार्यालयाच्या लेखाशाखेने माझ्या खाती एक वेतनवाढ अधिक धरली, आणि निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून परत आले ते तांबड्या शाईतील आक्षेप, त्याखाली किंचित तिरपा उमटलेला गोल शिक्का, आणि ‘अतिप्रदान रक्कम वसूल करून चलनाची प्रत सादर करावी’ असा शेरा घेऊनच. मागील पाच आर्थिक वर्षांचे मिळून हे अतिप्रदान 2,40,000 रुपये भरले. निवृत्तांकडून अशी वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात सांगितले आहे खरे. पण वेतननिश्चितीच्या वेळी ज्याने जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र लिहून दिले त्याने त्या निर्णयाचा आडोसा घेऊ नये, असे त्याच न्यायालयाने 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात म्हटले, आणि विकल्पाच्या नमुन्यासोबतचे हमीपत्र मी रीतसर सही करून दिलेले होते. मी रक्कम भरली. वसुलीबद्दल माझी तक्रार नाही. जे माझे नव्हते ते गेले.

तक्रार, किंवा आपल्या शिष्टाचारास शोभेल असे म्हणावयाचे तर जिज्ञासा, पुढेच आहे. त्या पाच वर्षांत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माझ्या पगारातून, 4 टक्के उपकर धरून, या जादा रकमेवर 49,920 रुपये कर कापला गेला व तो केंद्राच्या खजिन्यात पोचला. म्हणजे माझ्या हाती प्रत्यक्षात आले 1,90,080. परत मात्र मी अडीच लाखांस दहा हजार कमी असलेली ती संपूर्ण रक्कम केली, कारण राज्य सरकारचे म्हणणे असे, की आम्ही दिले तेवढे आम्हांस द्या, मधल्यामध्ये दिल्लीने काय घेतले ते दिल्लीस विचारा. दिल्लीचे म्हणणे असे, की त्या त्या वर्षी तो आपला पगारच होता. दोन्ही दप्तरे आपापल्या जागी बिनचूक आहेत, आणि जे उत्पन्न मला कधी झालेच नाही त्यावर मी पन्नास हजारांच्या घरात कर भरून बसलो आहे.

हाच आक्षेप ज्या वर्षी पगार दिला त्याच वर्षी, 31 मार्चपूर्वी, निघाला असता, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याने पुढल्या देयकांतून रक्कम वळती केली असती, नमुना 16 मध्ये पगार तेवढा कमी दिसला असता, आणि आपणांस पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. नोटिशीच्या मुदतीपोटी मालकाने पगारातून कापून घेतलेली रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरता येणार नाही, असे अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने 2017 मध्ये म्हटले आहे. पण तेथे कपात त्याच हिशेबात झाली होती. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत रुजू होतानाचा बोनस फेब्रुवारीत घेऊन मे महिन्यात राजीनाम्यासोबत परत करणाऱ्या तरुणास विचारावे; एका 31 मार्चने त्याला माझ्या पंगतीस आणून बसविलेले असते.

मी आपल्या शेजाऱ्यांकडेही जाऊन आलो. कलम 89 थकबाकी व आगाऊ पगार यांवर सवलत देते, त्यासाठी नमुना 10ई भरून घेते, आणि आलेला पैसा मागील वर्षांत मोठ्या मायेने वाटून दाखविते. गेलेल्या पैशाचे नाव काढताच मात्र त्यास ऐकू येत नाही. कलम 16 मध्ये पगारातून मिळणाऱ्या वजावटी आहेत: प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, आणि सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता, कमाल 5,000 रुपये. साहेबाची करमणूक ज्या कायद्याच्या ध्यानात राहिली त्याच्या ध्यानात परत केलेला पगार राहू नये, यात कोणाचा दोष आहे हे मी विचारीत नाही. सुधारित विवरणपत्राची मुदत या अधिनियमात निर्धारण वर्षापलीकडे जात नाही. त्यानंतरही अद्ययावत विवरणपत्राचा दरवाजा उघडा असतो, व 2025 पासून तर तो चार वर्षे उघडा राहतो. पण त्यातून अधिक कर भरावयास येणाऱ्यासच प्रवेश आहे, परतावा मागणाऱ्यास नाही. उरला कलम 119 खालील विलंबमाफीचा अर्ज. त्यास पाच वर्षांची मर्यादा, आणि त्यात काय लिहावे याचाही पेच, कारण माझी विवरणपत्रे भरली त्या दिवशी खरीच होती.

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अमेरिकेतील एकाची हकीकत या संदर्भात कानांवर घालतो. तेथे लुईस नामक एका नोकरदारास 1944 साली सुमारे 22,000 डॉलर बोनस मिळाला. त्याचा हिशेब चुकल्याचे ठरून 1946 साली त्यातील सुमारे निम्मी रक्कम त्यास मालकाला परत करावी लागली. 1944 चा हिशेब आता उघडता येणार नाही, वजावट हवी तर ती 1946 मध्ये घ्या, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली सांगितले. (म्हणजे हरलेल्यासही वजावट होतीच.) तरीही ते अपुरे वाटून 1954 च्या करसंहितेत तेथील विधिमंडळाने कलम 1341 घातले: परत केलेली रक्कम 3,000 डॉलरांहून अधिक असेल, तर ती चालू वर्षी वजा करावी, अथवा जुन्या वर्षी तिच्यापायी पडलेला कर चालू वर्षी जमा धरावा, दोहोंत जे हिताचे ते करदात्याचे. रक्कम त्याहून लहान असणाऱ्या नोकरदाराचे 2018 पासून तेथेही हालच आहेत, हे सांगितलेले बरे, नाहीतर परदेशाचे गोडवे गातो असा आपला समज व्हायचा.

यांतील दुसरा पर्याय माझ्यासारख्यास विशेष अगत्याचा आहे. वसुली बहुधा निवृत्तीच्या तोंडावर निघते, आणि नव्या करप्रणालीत 12 लक्षांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नसल्याने निवृत्तिवेतनातून नुसती वजावट दिली, तर ती शून्यातून वजा करण्यासारखे होईल. तेव्हा नव्या अधिनियमात आपली बैठक स्थिरस्थावर होताच, आपल्या शेजारी एक लहानसे पोटकलम बसवून घ्यावे: मालकास परत केलेल्या पगारावर पूर्वी भरलेला कर, मालकाचे प्रमाणपत्र व चलन पाहून, परतीच्या वर्षी करदात्याच्या खाती जमा करावा. प्रमाणपत्र माझ्यापाशी आहे, चलनही आहे. बहुत काय लिहिणे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त करदाता