डुलकीचे न्यायशास्त्र

मालवाहतुकीतील थकव्याची कायद्याला पर्वा नाही, असे म्हणणाऱ्यांनी बहुधा ई-वे बिल कधी हाती घेतलेले नसावे. मालासोबत बाळगावा लागणारा जीएसटीचा हा इलेक्ट्रॉनिक दाखला 2021 पासून सर्वसाधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस या बेताने चालतो आणि वाटेत खोळंबा झाल्यास मुदत संपण्याच्या आठ तास आधी वा नंतर ती वाढवून घेता येते. कागदाच्या प्रकृतीला इतके जपल्यावर तो डॅशबोर्डवर ठेवून गाडी हाकणाऱ्या माणसासाठी शासनाजवळ फारसे काही शिल्लक राहू नये, हे समजण्यासारखे आहे.

माणूस अगदीच विसरला गेला असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 91 ने चालकाचे कामाचे तास मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 शी जोडले आणि त्या अधिनियमाने दिवसाला आठ, आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. भिवंडीत संध्याकाळी भरलेला माल ‘सकाळी नागपुरात उतरला पाहिजे’ असे ट्रान्सपोर्टवाला फोनवर बजावतो, तेव्हा उशीर झाल्यास भाड्यातून किती कापले जाईल हे तो न चुकता सांगतो. आठ तासांचे तेवढे राहून जाते.

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराचे घड्याळ झोपेचा आग्रह धरते आणि तंबाखूची चिमूट, उघडी काच, डोळ्यांवर मारलेले पाणी यांना न जुमानता सूक्ष्मनिद्रा, म्हणजे चालकाच्याही ध्यानात न येणारी काही सेकंदांची झोप, आपला वाटा वसूल करते. ताशी 80 किलोमीटर वेगाचा ट्रक अशा चार सेकंदांत सुमारे 89 मीटर जातो, आणि तेवढ्या टप्प्यात एखाद्या बंद गाडीचा क्लीनर जॅक लावून बसलेला असू शकतो.

दारूला कलम 185 ने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम असे माप दिले; झोपेला माप नाही, त्यामुळे नाक्यावर फुंकर मारून निर्दोष ठरलेला चालक तांबारल्या डोळ्यांनी सन्मानाने पुढे जातो. अपघातात माणूस दगावला की मात्र कायदा खडबडून जागा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) नुसार हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि ‘डोळा लागला’ हा बचाव सहसा उलटतो, कारण झापड येत असूनही गाडी थांबवली नाही, हीच हयगय ठरते. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालकावरही लागतो, पण ती रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. तुरुंगवासाचा विमा अजून निघालेला नाही.

गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता होती, हे फास्टॅग चोख सांगू शकतो, परंतु ती नोंद टोलसाठी असल्याने त्या सगळ्या नाक्यांवर स्टिअरिंगमागे एकच माणूस होता काय, हे तिला विचारण्याची रीत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली असून, उकाड्याचा त्रास संपल्यावर चालकाकडून आणखी किती तास काढता येतील, याचा हिशेब एव्हाना कुठेतरी मांडला गेला असेल.