भाचेरावांच्या बिनपडद्याच्या गिटारीस मामाचा विनम्र विरोध

प्रति,
चि. भाचेराव,
मागची गल्ली, पर्वत पाटिया, सुरत.

विषय : फ्रेट नसलेली अकूस्टिक बेस गिटार विकत घेण्याच्या आपल्या ऐतिहासिक निर्णयाबाबत.

महोदय,

सदर निर्णय आपण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरा, वाद्याच्या फोटोसह जाहीर केलात. त्याखाली आपल्या मातोश्रींनी, म्हणजे आमच्या थोरल्या ताईने, जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. तो आशीर्वाद नव्हता, विनंती होती. असो. हे पत्र खुलं लिहिण्याचं कारण एवढंच, की आपलं वाद्य काही गल्लीला ऐकू जाणार नाही. निदान त्याच्यावरचा वाद तरी जावा.

ऐकू का जाणार नाही, ते आधी सांगतो. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो. त्या आवाजाची एक लाट सव्वाआठ मीटर लांब, म्हणजे आपला हॉल आणि किचन जोडलं तरी तिला पाय पसरायला जागा नाही. एवढा सूर हवेत ढकलायचा तर पोट मोठं लागतं. उभ्याने वाजवतात त्या डबल बेसचं पोट म्हणूनच माणसाएवढं. आपण फोटो टाकलात त्या वाद्याचं पोट नेहमीच्या गिटारीपेक्षा दोन बोटं मोठं. अमेरिकेत अर्नी बॉलने 1972 मध्ये ‘अर्थवुड’ नावाची अकूस्टिक बेस काढली, तेव्हा मेक्सिकोच्या मारियाची मंडळींचं गितारोन त्याच्या डोळ्यांसमोर होतं. गितारोनला फ्रेट नसतातच, आणि आवाज मोठा यावा म्हणून वाजवणारा दोन-दोन तारा एकदम ओढतो. तेवढं करूनही ते ऐकू येतं ते अंगणात. त्या अंगणात लिंबायतचे लूम चालू नसतात, बीआरटीएसची बस जात नसते आणि आपल्या खानदेशी कानबाई देवीच्या मिरवणुकीचा डीजेही नसतो. तेव्हा बिनविजेचं वाद्य घेऊन आपण पहिल्याच दिवशी त्यात वायर खोचणार, हे गृहीत धरून चालू. पुलाखालचा पिकअप आणि प्रीॲम्प कसा आहे ते आधी बघा, पॉलिश नंतर.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्याला पडदे, म्हणजे फ्रेट, नकोत. आम्ही भजनी मंडळाचे पेटीवाले, त्यामुळे आमचा पक्ष उघड आहे: सूर जिथे बसवलाय तिथेच असावा. या मतापायी आमच्या जमातीने पुष्कळ सोसलंय. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर साच्यातले, म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये तिला घराबाहेर काढलं आणि 1971 पर्यंत दारात उभं केलं नाही. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकरांपर्यंत लोकांनी त्याच साच्यातून गाणं काढून दाखवलं, ते वेगळं. परंतु आमच्या साच्याचा एक उपकार आपण विसरू नये: बोट कसंही पडो, सूर आपल्या जागी असतो.

आपल्या वाद्यात हा उपकार नाही. बेसच्या तारेची लांबी साधारण 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर. सुरुवातीला एका सुरापासून पुढच्या अर्ध्या सुरापर्यंतचं अंतर 48 मिलिमीटर; मधल्या सप्तकाच्या खुणेपाशी ते 24 वर येतं. तिथे बोट पाच मिलिमीटर घसरलं तर अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा गेला, आणि तेवढं आपल्या आजीलाही कळतं. लिओ फेंडरने 1951 मध्ये बेसला फ्रेट ठोकले ते याच कटकटीतून वादकाला सोडवायला, आणि त्या गिटारीच्या नावातच ‘प्रिसिजन’ घातलं. लोक किती कृतज्ञ! ॲम्पेगने 1966 मध्ये कारखान्यातूनच बिनफ्रेटची बेस काढली, आणि 1970 मध्ये खुद्द फेंडरने फ्रेट काढलेली प्रिसिजन दुकानात ठेवली.

त्यातही आपली मागणी अशी, की फ्रेट नकोत पण फ्रेटच्या जागी रेघा हव्यात. म्हणजे स्वातंत्र्य पाहिजे, फक्त पायाखाली रांगोळी काढून द्या. घ्या, लाज नाही त्यात. शिकताना रेघा कामाच्या असतात. मात्र रेघ नसेल तर मानेच्या कडेला असलेले ठिपके बारकाईने पाहा. मुद्दाम फ्रेटलेस म्हणून बनवलेल्या वाद्यात ते बहुतेक वेळा नेमक्या सुराच्या जागी असतात. फ्रेट उपटून केलेल्या वाद्यात ते दोन फ्रेटच्या मध्येच राहून जातात. तिथे ठिपक्यावर विश्वास ठेवून बोट टेकवलंत तर प्रत्येक सूर पावभर उतरलेला निघेल, आणि आपण दोष स्पीकरला द्याल.

फ्रेट उपटण्यावरून आठवलं. आपल्या दैवताचा, जॅको पास्टोरियसचा, फोटो आपण प्रोफाइलला लावलाय. बासष्ट सालच्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट स्वतः लोण्याच्या सुरीने काढले, भेगा बुजवल्या आणि वर बोटीला लावतात तो इपॉक्सी चढवला, असं तो सांगायचा. 1976 च्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर तो आवाज आहे, आणि तो ऐकून जगभरच्या पोरांनी घरातल्या सुऱ्या चोरल्या. फक्त एक बारीकसा तपशील आपल्या नजरेतून सुटलाय: ती बेस भरीव लाकडाची, इलेक्ट्रिक होती. आपण घेताय पोकळ पोटाची. त्यात तो लांबलेला, गाणारा सूर तसाच्या तसा येणार नाही. येईल तो आखूड, लाकडी, थोडा ठोक देणारा, डबल बेसकडे झुकलेला. मला विचाराल तर तोच चांगला. पण मला कोण विचारतं?

पैशांसाठी आपण दुसरा मार्गही सुचवलाय: स्वस्तातली फ्रेटवाली अकूस्टिक बेस घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या राजस्थानी सुताराकडून फ्रेट काढून घ्यायचे. कल्पना वाईट नाही. गोदिनसारख्या कॅनडाच्या कंपनीची फ्रेटलेस इथे पोचेपर्यंत लाखाच्या पलीकडे जाते, आणि तेवढ्यात आमच्या मंडळाच्या पेट्या, टाळ आणि वर्षभराचा प्रसाद होतो. पण सुताराला नीट समजावून सांगा. फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवून हळू उचलायचा, नाहीतर लाकडाची सालपटं निघतात. भेगांत लांबी न भरता लाकडाचीच पातळ पट्टी चिकटवायची. वरून घासताना फळीचा गोलावा सपाट करायचा नाही. आणि सर्वांत वरची खोबण खोल करायची. फ्रेट गेल्यावर तारा तेवढ्याच उंच राहिल्या तर सूर दाबताना बोटांचा पापड होतो. हे त्याला हिंदीत सांगा. आपल्या अहिराणीत सांगितलंत तर तो पलंग करून देईल.

आता मला खरोखर ज्याचा राग आलाय, ते. भाचेराव, आपलं खानदान धुळ्या-जळगावहून या गावात आलं ते कापडाच्या जिवावर. आपले वडील रिंग रोडच्या मार्केटमध्ये ताका उलगडायच्या आत, नुसता अंगठा आणि तर्जनी फिरवून माल सांगतात. साडीला लेस आणि स्टोन लावणारी आमची ताई प्लास्टिकच्या पिशवीतल्या कापडावर भाव बोलत नाही. पिशवी फाडते, मग बोलते. अशा घरात जन्मलेला मुलगा, ज्याचा सगळा जीव बोटाच्या टोकाखाली आहे असं वाद्य, मोबाइलवरच्या फोटोवरून आणि ‘सनबर्स्ट की नॅचरल’ एवढ्या अभ्यासावर मागवतो! फोटोत मान वाकलेली दिसते का? फळी शिसवाची आहे की रंग देऊन काळी केलेली, ते कळतं का? शिसव कठीण असतो; मऊ लाकडाच्या फळीवर नेहमीच्या वळसेदार तारा लावल्यात तर त्या महिनोन्‌महिने तिला कानशीसारख्या घासत बसतात. म्हणून चपट्या वेटोळ्याच्या नाहीतर नायलॉनच्या काळ्या तारा घ्या, आणि त्यांचा खर्च आजच धरा.

आणि तो ‘म्वॉ’! ज्या आवाजासाठी आपण हे सगळं करताय, तो येतो तार फळीला किंचित चाटत गेल्यामुळे. मिरजेचे तंबोरेवाले घोडीचा माथा घासून जवारी काढतात, त्याच जातीची ही गोष्ट. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे कानाने घासणारे हात आहेत. आपल्या बेसला तो आवाज हवा तर तारा खाली, मान जराशीच वाकलेली आणि फळी टोकापासून टोकापर्यंत सारखी हवी. त्यासाठी दुकानात एकच करायचं. चारही तारांवर एकेक सूर वरपासून खालपर्यंत सावकाश दाबत जायचं. कुठे मुका सूर आला, कुठे नुसती खरखर आली, तर वाद्य परत भिंतीला. वायर न लावता. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्या.

हे सुरतेत जमेल असं वाटत नाही. फ्लाइंग रानीने मुंबईला जा, धोबी तलावला फुर्ताडोस 1865 पासून वाद्यं विकतंय, तिथून सुरुवात करा. फ्रेटलेस अकूस्टिक तिथेही भिंतीवर तयार टांगलेली असेलच असं नाही. फ्रेटवाली तर हातात घ्याल! पोट मांडीवर बसतं का, पहिल्या सुरापर्यंत हात पोचतो का, हे तिच्यावरही कळतं. आणि जाताना चेन्नईच्या कीथ पीटर्सची फ्रेटलेस ऐकत जा. रहमानच्या गाण्यांत ती आहे; आपण ती वर्षानुवर्षं ऐकताय आणि तिला कीबोर्ड समजताय.

घरी आणल्यावर पावसाळ्याचं बघा. लाकूड दमट हवेत फुगतं, पोट वर येतं, तारा उचलल्या जातात. ऑक्टोबरात सगळं उलटं. मानेतली लोखंडी सळई फिरवायची किल्ली वाद्याच्या खोक्यात आहे का, ते पैसे देण्याआधी तपासा. आणि वाद्य तळमजल्यावर पलंगाखाली ठेवू नका. खाडी आपल्या भागात काय करते ते आपल्याला माहीत आहे, आणि 2006 च्या पुरातली तापी तर ताईला अजून स्वप्नात दिसते.

सरावाबद्दल एकच. आधी गाऊन बघा. गजाननबुवा जोशींच्या व्हायोलिनलाही पडदे नव्हते. पण बुवा मुळात गवई होते, बोटांनी जायचं कुठे ते गळ्याला आधीच ठाऊक होतं. आपण गणपतीच्या आरतीत जो सूर लावता, तो स्मरून मी इथे थांबतो.

बाकी विरोध कायम आहे, ही नोंद घ्यावी.

आपला नम्र,
मामा

ता. क. : गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तो सूर 100 हर्ट्झचा. बेसची सर्वांत बारीक तार मोकळी सोडली की 98. फ्रेटवाल्याला तार पिळल्याशिवाय तो ट्रान्सफॉर्मर गाठता येत नाही. तुला तिच्या शेजारच्या तारेवर पाचव्या खुणेच्या तेराएक मिलिमीटर पुढे मिळेल. हे मी हिशेब करून काढलं, कारण आमच्या मंडळाची जुनी पेटीसुद्धा अशीच थोडी चढी आहे, काळी एक कुठल्याच ट्यूनरला पटत नाही. कीबोर्डवाला पोरगा मागच्या खेपेला त्याच्यावरूनच निघून गेला. श्रावणात कानबाईच्या आदल्या रात्री भजन आहे. रेघांवर वाजवू नकोस, पेटी ऐकून वाजव. वायर मी आणतो. पैशांचं ताईशी बोललोय, अर्धे माझे; पण ग्रुपवर टाकू नकोस.