पाळण्यातल्या ऐंशी जागा

‘जालना, सोन्याचा पाळणा’ म्हणतात. पाळण्यात जागा किती? जिल्ह्यात तालुके 8, जवाहर नवोदय विद्यालय एकच, सहावीच्या जागा 80. त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत काढलेली हवी. त्यामुळे पोरगं दुसरी पास झालं, की शहरातल्या काही पालकांना गावच्या मातीची ओढ लागते. नाव झेडपीच्या पटावर, पोरगं शहरातल्या शिकवणीला! मग टपरीवर वाद: जागा तालुकावार, की जिल्हाभर गुणांवर? जाफराबादकराला तालुका आठवतो, जालनेकराला गुणवत्ता. दुसरं नवोदय मागू, असं मात्र कुणी म्हणत नाही. चहा गार होईल ना!