बिनसाखरेचे आबा

आबांचं आणि साखरेचं नातं पोटापाण्याचं. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की हंगाम संपेपर्यंत ब्रिक्स, पोल आणि रिकव्हरी यांपलीकडे त्यांना जग नसे. रिकव्हरी, म्हणजे उसातून निघणारी साखर, बारा टक्क्यांच्या वर गेली की घरी पेढे यायचे. खाली घसरली की आबा जेवायचे नाहीत, आणि मग काकीही जेवायच्या नाहीत. निवृत्तीनंतर मुलीने धरून रक्त तपासायला नेलं, तर तीन महिन्यांची शुगर सहाच्या पुढे निघाली. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहे. बॉर्डर म्हटल्यावर आबांनी युद्धच पुकारलं. मात्र युद्ध साखरेशी होतं; गोडाशी त्यांचा तह कायम होता.

"साखर बंद केलीया आपण. पार बंद," हे वाक्य ते कुणाच्याही घरी चपला काढता काढता म्हणतात. मग बसतात आणि विचारतात, "गुळाचा चहा असंल तर चालतंय."

पहिली आली गोळ्यांची डबी. खटका दाबला की टक्कन एक गोळी पडायची. आबा अर्ध्या कप चहात चार गोळ्या टाकायचे, कारण डबी दाबायला त्यांना आवडायचं. त्या उत्साहात काकींनी उकळत्या खिरीतही गोळ्या घातल्या. गोळ्या अ‍ॅस्पार्टेमच्या होत्या आणि अ‍ॅस्पार्टेमची गोडी आचेवर मोडते. खीर आजारी माणसाच्या पेजेसारखी लागली. आबांनी ती संपवली आणि मग 'तोंड नीट करायला' दोन चिक्क्या खाल्ल्या. चिक्की गुळाची होती, म्हणजे हिशेबात धरायची नव्हती.

गूळ हा आबांच्या युद्धातला तटस्थ देश. तो सेंद्रिय हवा, काळपट हवा, ओळखीच्या गुऱ्हाळावरचा हवा. "ह्यात लोह असतंय," असं म्हणून ते बोटाएवढा खडा तोंडात टाकतात. संक्रांतीला तिळगूळ, होळीला गुळाच्या पुरणाची पोळी, उन्हाळ्यात काकवी आणि भाकरी. बिनसाखरेच्या पहिल्याच वर्षात आबांचा पट्टा एका भोकाने पुढे सरकला.

मध आला तो सकाळच्या कोमट पाण्यातून. चमचाभर मध चमचाभर साखरेपेक्षा वजनाला जड असतो, त्यामुळे त्यात उष्मांकही थोडे जास्तच भरतात. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "पण तो नैसर्गिक आहे." ऊस कुठल्या फॅक्टरीत उगवतो, हे मी विचारलं नाही. त्यानंतरची खडीसाखर ही तर साखरच, मोठ्या स्फटिकांची. पण 'पोटाला थंड' एवढ्यावर ती घरात राहिली.

मग स्टीव्हियाची कुंडी आली. मूळची पॅराग्वेकडची ही वनस्पती काकींच्या तुळशीशेजारी ठेवली गेली. येईल त्याला आबा तिचं पान चावायला लावायचे. आधी गोड आणि मागून कडू. पाहुण्याचा चेहरा बदलत जाताना पाहणं हा त्यांचा त्या वर्षीचा मुख्य विरंगुळा.

खरं प्रेम मात्र जडलं सुक्रालोजवर, आणि त्याला कारण आडनाव. 1976 साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस नावाच्या तरुण संशोधकाला एका रसायनाची चाचणी घ्यायला सांगितलं गेलं. त्यांना ऐकू आलं, चाखून बघ. त्यांनी चाखलं. ते साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघालं. ही गोष्ट आबा अशी सांगतात, की फडणीस त्यांच्याच प्रयोगशाळेत हाताखाली होते. "आपल्या माणसाचा शोध हाय हा," म्हणत त्यांनी रव्याचे लाडू त्याच भुकटीत करायचं फर्मान काढलं. काकींनी एकच विचारलं, "ह्याला तार येते का?" येत नाही. साखर नुसती गोडी देत नाही, पाक देते, लाडवाला अंग देते. त्या दिवशी लाडवांचा सांजा झाला आणि सहाशे पट गोडीचा अंदाज काकींना नसल्यामुळे तो कुणाला खाता आला नाही.

2023 साल आबांना फार जड गेलं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या कृत्रिम गोडव्यांवर भिस्त ठेवू नका. (आधीच मधुमेह असलेल्यांसाठी तो सल्ला नव्हता.) जुलैत अ‍ॅस्पार्टेम 'कदाचित कर्करोगकारक' या यादीत गेलं. आबांनी डबी कचऱ्यात टाकली. मी सांगितलं, त्याच वेळी दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा किलोमागे 40 मिलिग्रॅम हीच कायम ठेवली आहे. एका गोळीत साधारण वीस मिलिग्रॅम असतं. तुमच्या सत्तर किलोंना ती मर्यादा गाठायला दिवसाला एकशे चाळीस गोळ्या लागतील. आबांनी मनातल्या मनात आकडा पडताळला, बरोबर असल्याचं मान्य केलं आणि विचारलं, "म्हणजे गूळच बरा म्हणायचा?"

इथे मला या माणसाचं खरं नवल वाटतं. उभी हयात त्यांनी पोलरीमीटरला डोळा लावून पोल, म्हणजे सुक्रोज, मोजलं. चांगल्या गुळात ते ऐंशी टक्क्यांच्या घरात असतं, उरलेल्यात थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, हे कारखान्यात झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. रक्तात गेल्यावर गुळाची वागणूक साखरेहून फारशी निराळी नाही, हेही त्यांना कळतं. एकदा मी म्हटलं, "आबा, एखाद्या दिवशी घरातल्या ढेपेचा पोल काढून बघू या." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सॅम्पल नीट घ्यावं लागतंय त्याला." आणि विषय पावसावर गेला.

अज्ञानाने गोड खाणारे पुष्कळ असतात. आबा सगळं माहीत असून खातात; माहितीचा उपयोग ते फक्त परवानगी शोधायला करतात. त्यांना साखरेला पर्याय नको आहे, 'नको' या शब्दाला पर्याय हवा आहे. रोज दोन चमचे कमी घ्यायचं एवढं साधं उत्तर त्यांना पटत नाही, कारण त्यात विकत आणण्यासारखं काही नाही.

असे आबा तुमच्याकडेही येतीलच. 'साखर किती?' असं विचारू नका, उत्तर पाऊण तास चालतं. नेहमीपेक्षा थोडा कमी गोड अर्धा कप चहा मुकाट पुढे ठेवा. जीभ काही आठवड्यांत तेवढ्याला सरावते. आणि ते यायच्या आधी गुळाचा डबा माळ्यावर टाका. फडताळातला त्यांना वासाने सापडतो.