दार का उघडत नाही, ते आधी विचारा

‘लोक ऐकतच नाहीत.’ सरकारी बैठकांमधलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य. लस टोचून घेत नाहीत, शिबिराला येत नाहीत, गोळ्या फेकून देतात. दोष लोकांचा ठरला की बैठक संपते. हे वाक्य तोंडात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं पश्चिम उत्तर प्रदेशातल्या पोलिओची हकीकत वाचावी.

पल्स पोलिओ मोहीम देशभर सुरू झाली 1995 मध्ये. बहुतेक ठिकाणी दोन थेंबांची हाक पुरली. अमिताभ बच्चन टीव्हीवरून आधी विनवत होते, नंतर चक्क रागावले. पण मुरादाबादच्या आसपासच्या गरीब मुस्लिम वस्त्यांमध्ये अनेक दारं बंदच राहिली. थेंबांनी मूल वांझ होतं, अशी अफवा होती. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी ज्यांनी पाहिली होती, त्यांना ती खरी वाटली तर नवल नाही.

अफवेइतकीच मोठी होती चीड. दारापुढे गटार तुंबलेलं, पाणी गढूळ, दवाखान्यात डॉक्टर नाही. जुलाबानं मूल सुकतं तेव्हा कोणी फिरकत नाही. थेंब पाजायला मात्र सरकार पुन्हा पुन्हा दारात! घरातल्या बाईला संशय येणारच.

आणि तिची तक्रार वैद्यकशास्त्राच्या कसोटीवरही खरी होती. सतत जुलाब होणाऱ्या मुलांच्या आतड्यात तोंडावाटे दिलेली लस नीट लागू पडत नाही. तिथल्या काही मुलांना कितीतरी वेळा थेंब पाजूनही पोलिओ झाला. म्हणजे गटाराचं बोलणारी बाई विषय भरकटवत नव्हती, ती रोगाच्या मुळावरच बोट ठेवत होती.

मोहीमवाल्यांनी हे उशिरा का होईना, ऐकलं. त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना घरोघरी पाठवलं. मशिदींतून आवाहनं झाली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया यांची मदत घेतली. कामासाठी गाव सोडणाऱ्यांची मुलं रेल्वे स्थानकांत आणि वीटभट्ट्यांवर गाठली. 2009 मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सर्वाधिक धोक्याचे 107 विकासखंड (ब्लॉक) निवडले. तिथे थेंबांच्या जोडीला हात धुणं, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, स्तनपान, नियमित लसीकरण, स्वच्छ पाणी आणि संडास हेही कामात घेतलं. 2010 च्या सुरुवातीला विषाणूच्या दोन प्रकारांवर एकदम चालणारी नवी लसही आली.

आता आकडे बघा. 2009 मध्ये देशात पोलिओचे 741 रुग्ण होते. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये एक, हावडा जिल्ह्यातला, आणि नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तोच शेवटचा. 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

यातून आपण काय शिकलो? 2022 मध्ये मुंबईत, गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवरानं मुलं दगावली. मग लसीकरणासाठी महापालिकेनं धर्मगुरूंना साद घातली. पण ही साद साथ पसरल्यावर का? ज्या घरातले आईबाप दोघंही रोजंदारीवर जातात, त्यांनी मजुरी बुडवून भर दुपारी लसीकरणाला यावं ही अपेक्षा कोणाच्या सोयीची? गटार, पाणी आणि दवाखान्याच्या वेळा तशाच ठेवून नुसती घोषणा बदलली, तर ती रंगरंगोटी ठरते. गरज बदलली की आवाहन बदलावं लागतं, आणि आवाहनाबरोबर हातात ठेवायची वस्तूही.

म्हणून आरोग्य खात्याला आणि महापालिकांना एकच सांगणं. पुढच्या मोहिमेचं पोस्टर छापायला टाकण्याआधी त्या वस्तीत जा आणि तुम्हाला आत्ता काय हवंय, ते विचारा. उत्तर पाणी असेल तर पाण्याचा बंदोबस्त करा, उत्तर डॉक्टर असेल तर डॉक्टर बसवा. मग लस घेऊन दार वाजवा. तोवर ‘लोक ऐकत नाहीत’ म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.