कृष्णाकाठचे नौकासंमेलन

साताऱ्याकडे होडीत बसायचे तर तापोळ्याला किंवा बामणोलीला जायचे आणि बोट क्लबात पैसे मोजायचे. सांगलीकरांची ही दगदग वाचली आहे. इथे पाणीच दारात येते.

2005, 2019 आणि 2021 ची संमेलने थाटात झाली. आयर्विन पुलाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. म्हणजे निमंत्रण वेळेवरच पोहोचते. 2019 ला पाणी 57 फुटांपुढे गेले. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड या नयनरम्य मार्गाने होड्यांचा ताफा निघाला (एरवी तिथे दुचाकी निघत नाही). यजमान गॅलरीतून हात हलवत होते, तर पाहुण्या मंत्रिमहोदयांच्या होडीतला सेल्फी व्हिडिओ राज्यभर गाजला.

आता एवढेच करावे. पूररेषेत इमारतींना परवानगी देताना तळमजल्यावर पार्किंगऐवजी पहिल्या मजल्यावर धक्का सक्तीचा करावा. घरपट्टीबरोबर नांगरपट्टीही घ्यावी. होडीमालकांचा संघ झाला की पूरनियंत्रणाचा खर्चही वाचेल. हौशी लोकांच्या छंदाचे कोणी नियंत्रण करते का?

लाइफ जॅकेटचा विषय तेवढा पुढच्या बैठकीत घ्यावा. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.