डबा कुणाचा, झाकण कुणाचं

भोगीच्या आठवडाभर आधी आमच्या घरात वाणाचा प्रश्न निघतो आणि तो सुटेपर्यंत कुणालाही गरम पोळी मिळत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा हंगाम. या काळात पुरुषाकडे दोनच कामं: आधी सामान वाहून आणणं, आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी आतल्या खोलीत दार लोटून गप्प बसणं. मी दोन्ही चोख करतो. दाराची फट मात्र माझी.

वाणाचं गणित सोपं आहे. बायका पन्नास, बजेट हजार, म्हणजे नगाला वीस रुपये. आणि वीस रुपयांत या जगात जे जे मिळतं ते प्लास्टिकचं असतं. जानेवारीत शहागंजपासून गुलमंडीपर्यंत चाळण्या, गाळण्या, साबणदाण्या आणि पिटुकल्या टोपल्यांचे डोंगर लागतात. तिथला दुकानदार काय पाहिजे असं विचारत नाही, तो डोकी विचारतो. “कितने बाया हैं, साब?” मी म्हटलं, पन्नास. “साठ पकड़ो. आते वखत ननंद को भी लाते.” इतका अनुभवी माणूस जनगणना खात्यात असायला हवा होता.

प्लास्टिकविरुद्ध आमच्या शहरात बोलणं तसंही अवघड. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, पण नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही. त्यामुळे घराघरात ड्रम, टब, बादल्या, कॅन आणि ‘राहू दे, लागेल’ म्हणून ठेवलेल्या बाटल्या. पर्यावरणावर तोंड उघडलं की समोरचा माणूस आधी तुमच्या गच्चीवरच्या निळ्या ड्रमकडे बोट दाखवतो.

कायदे झाले नाहीत असं नाही. 2018 साली तर मोठाच योगायोग जमला. फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलेला कचरा डेपो बंद पाडला आणि शहराला आपला कचरा पहिल्यांदा समोरासमोर भेटला, चौकाचौकात. पुढच्याच महिन्यात, 23 मार्चला, राज्यात प्लास्टिकबंदी आली. पिशव्या गेल्या, थर्माकोलची मखरं गेली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आला. 1 जुलै 2022 पासून केंद्राने तर कान कोरायच्या काड्या, फुग्यांच्या काड्या आणि मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टनही सोडलं नाही. संक्रांतीचा नायलॉन मांजा त्याच्याही आधी बंद झाला. तो अजून दरवर्षी पकडला जातो, यावरून त्याचं काय ते समजावं. पण वाणाच्या चाळणीला कोणत्याच कायद्याने हात लावला नाही. साहजिक आहे. कायद्याला एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद करायच्या होत्या, आणि वाण आम्ही एकदाही वापरत नाही.

ते माळ्यावर जातं. वर्षभर तिथे तप करतं आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कॉलनीत अवतार घेतं. सिडकोतून निघालेला डबा गारखेडा, उल्कानगरी, जवाहर कॉलनी करत किती घरं फिरतो याचा हिशेब चित्रगुप्ताकडेसुद्धा नसेल. शेवटी कधीतरी तडकतो, मग नाल्यात आणि नाल्यातून खाम नदीत. तिथेही तो मरत नाही, फक्त आमचा राहत नाही.

तर यंदा हिने जाहीर केलं, “वाणात प्लास्टिक नाही म्हणजे नाही.”

मी हिमरूचा बटवा सुचवला. आपल्या गावची कला, इतिहास, अभिमान वगैरे. “नगाला किती?” मी सांगितलं. “मग एकच बाई बोलावू,” ही म्हणाली.

कापडी पिशव्या बाद होत्या. गेल्या वर्षी सगळ्यांनी त्याच दिल्या, आता पिशव्या ठेवायला घरात मोठी पिशवी लागते. त्यातल्या अर्ध्या तर नुसत्या दिसायला कापडी. काडी लावून पाहिली तर वितळतात. तुळशीच्या रोपाचा ठराव आईने फेटाळला. “त्याला पाणी कोण घालील? इथं माणसालाच आठ दिसाला येतंय.” मी पुस्तकाचं नाव काढलं. त्यावर दोघी ज्या हसल्या, तो या हंगामातला त्यांचा एकमेव एकमताचा क्षण.

मग आईने आपल्या माहेरचं सांगितलं. तिकडे संक्रांतीला आवा लुटायचे. कुंभाराकडून भट्टीच्या भट्टी भांडी आणायची आणि बायकांना वाटून टाकायची. सुगडं, बोळकी, गाडगी. वर्षभरात ती फुटायची, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा लागायची, म्हणून कुंभार जगायचा. सगळा संसारच फुटण्यावर चालायचा. “आता खायचंच द्या काहीतरी,” आई म्हणाली. “पोटात जाईल, माळ्यावर जायचं नाही.”

जवसाची चटणी ठरली. जवस आले, लसूण सोलला (कुणी, ते विचारू नका), मिक्सर दोन दिवस रडला, परातभर चटणी तयार झाली. आणि मग लक्षात आलं की ती द्यायची कशात. पुडी बांधली तर तेल फुटतं. काचेच्या बरणीत दिली तर चटणीपेक्षा बरणी महाग. राहिली प्लास्टिकची पिशवी. पाच मिनिटं घरात कुणी बोललं नाही.

शेवटी हिने ग्रुपवर निरोप टाकला: हळदीकुंकवाला यायचं आहे, येताना घरून एक डबा आणायचा आहे. त्याखाली बराच वेळ शांतता, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न: “बोलावणं आहे का माधुकरी?”

पण आल्या. प्रत्येकीने चांगला डबा कशाला न्यायचा, या सुज्ञ विचाराने माळ्यावरचा एक काढून आणला होता. म्हणजे वाणातला. ओट्यावर सगळे डबे ओळीने मांडले गेले आणि मी फटीला डोळा लावला.

“अगं बाई, हा तर मी दिलेला!” बँकेतल्या वहिनी म्हणाल्या. ज्यांना दिला होता त्या त्यांच्या शेजारीच बसलेल्या होत्या, पण डबा आणला होता भलत्याच बाईंनी. मधला प्रवास कुणालाच सांगता येईना. समोरच्या काकूंच्या निळ्या डब्याखाली मार्करने ‘वास्तुशांत’ लिहिलेलं निघालं. त्यांच्या घरी वास्तुशांत झालेलीच नाही, फ्लॅट भाड्याचा आहे. कुणी हसलं, कुणी कुंकू लावण्यात फारच गुंतलं. आमची ही तोऱ्यात चटणी भरत होती, तेवढ्यात तिने स्वतः दिलेला गुलाबी डबा तिच्याच हातात आला. आत आमच्याच किराणा दुकानाची चिठ्ठी होती.

“डब्याचं जाऊ द्या,” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “याचं झाकण कुठंय? मी देताना हिरवं झाकण होतं.”

आणि खरी सभा तिथे सुरू झाली. एकेका डब्यावर एकेक झाकण लावून पाहिलं गेलं. निळ्याला पिवळं, गोलाला चौकोनी. चटणी सगळ्यांना पुरली, वर मूठभर उरली. झाकणं मात्र कुणालाच जमली नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तिळगुळाच्या शुभेच्छा थांबल्या आणि झाकणांचे फोटो सुरू झाले. कुणाचं गारखेड्यात सापडलं, कुणाचं सिडकोत जावेकडे.

ने-आण अर्थातच पुरुषांकडे. मी आत्ता उल्कानगरीकडे निघालोय, स्कूटरला पिशवी लावून. आत तीन झाकणं आहेत. पिशवी कापडी आहे, गेल्या वर्षीच्या वाणातली, आणि ज्यांच्याकडे निघालोय त्यांनीच दिलेली असण्याची दाट शक्यता आहे.